थ्रीडीत व्हर्मीरची खोली उभी राहते, पण आरसा जुळत नाही: जुनी चित्रं कॉम्प्युटरवर कशी बनवतात?

रील साधारण अशी असते. सुरुवातीला एक जुनं युरोपियन चित्र दिसतं. डावीकडे खिडकी, खाली काळ्या-पांढऱ्या फरशा, टेबलावर गालिचा, मागे उभी असलेली बाई. तीन सेकंद काहीच होत नाही. मग कॅमेरा हळूच बाजूला सरकतो आणि आपण चमकतो, कारण टेबलाच्या मागे खरंच जागा आहे, खुर्चीला मागची बाजू आहे. चित्र सपाट नाहीच, आख्खी खोली उभी केलीये.

हल्ली असं काही दिसलं की "एआय आहे का?" हा प्रश्न ठरलेला. एआयने अशी दृश्यं बनवता येतात हे खरंच आहे. पण इथे विषय त्या लोकांचा आहे जे ब्लेंडरसारखं सॉफ्टवेअर उघडून एकेक फरशी, एकेक दिवा हाताने लावतात आणि जुन्या चित्रकाराची शैली थ्रीडीत आणायचा प्रयत्न करतात. आणि त्यात एक गंमत आहे. सगळ्यात जास्त डोकेदुखी अवघड नक्षी किंवा कपड्यांच्या चुण्यांनी होत नाही. डोकेदुखी होते ती कॉम्प्युटरच्या प्रामाणिकपणामुळे, कारण कॉम्प्युटर प्रकाश खरा दाखवतो आणि चित्रकार तसा दाखवत नव्हते.

सुरुवात एका अतिउत्साही माणसापासून करू.

टिम जेनिसन हा अमेरिकेतला व्हिडिओ तंत्रज्ञ. त्याच्या न्यूटेक या कंपनीचं लाइटवेव्ह थ्रीडी हे सॉफ्टवेअर एकेकाळी टीव्ही आणि सिनेमाच्या इफेक्ट्ससाठी बरंच वापरलं जायचं. या जेनिसनला प्रश्न पडला की सतराव्या शतकातला डच चित्रकार योहानेस व्हर्मीर इतकं फोटोसारखं कसं रंगवायचा? त्याने व्हर्मीरचं 'द म्युझिक लेसन' हे चित्र निवडलं. १६६० च्या दशकातलं हे चित्र आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. त्यात एक तरुणी आपल्याकडे पाठ करून व्हर्जिनल नावाचं पेटीसारखं वाद्य वाजवतीये आणि बाजूला एक माणूस उभा आहे.

जेनिसनने आधी चित्रावरून आख्खी खोली लाइटवेव्हमध्ये मोजून काढली. खिडकी किती उंच, वाद्य किती लांब, फरशी केवढी. मग त्या मापांवरून टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत खरीखुरी खोली बांधली. फर्निचर बनवलं, रंग स्वतः कुटले, मुलीला मॉडेल म्हणून उभं केलं. आणि चित्रकलेचं शिक्षण नसताना एक लेन्स आणि छोटे आरसे वापरून ते चित्र स्वतः रंगवलं. या सगळ्या उपद्व्यापावर २०१३ मध्ये 'टिम्स व्हर्मीर' नावाची डॉक्युमेंटरी आली.

त्याचं म्हणणं असं की व्हर्मीरने अशीच काहीतरी युक्ती वापरली असणार. यावरून वाद झाले, अजूनही होतात. व्हर्मीर १६७५ मध्ये गेल्यावर त्याच्या घरातल्या वस्तूंची यादी करण्यात आली होती, त्यात लेन्स किंवा असं कुठलंही उपकरण नाही. पण यादीत नाही म्हणजे नव्हतंच, असंही म्हणता येत नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर जेनिसनने एवढंच दाखवलं की असं करता येतं. व्हर्मीरने तसं केलं होतं हे त्यातून सिद्ध होत नाही.

आपल्याला मात्र त्यातला पहिला टप्पा महत्त्वाचा आहे. चित्रावरून खोली उलटी मोजून काढता येते. फरशांच्या रेषा मागे जाताना कुठे एकत्र येतात ते बघायचं, त्यावरून कॅमेरा कुठे होता हे कळतं, आणि कॅमेरा सापडला की बाकीच्या गोष्टी मापात बसायला लागतात. आज हे करायला कंपनीचा मालक असण्याचीही गरज नाही. ब्लेंडर फुकट आहे. २००२ मध्ये या सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसाठी खुला करायचा म्हणून लोकांकडून एक लाख युरो जमवले गेले आणि तेव्हापासून ते खुलंच आहे. ऑस्कर जिंकलेली 'फ्लो' ही मांजराची फिल्म याच ब्लेंडरमध्ये बनलीये.

तर खोली झाली, आता उजेड.

आधी हे समजून घेऊ की कॉम्प्युटर उजेड कसा काढतो. दुपारी घरात लाल पडदा असेल तर समोरच्या पांढऱ्या भिंतीवरही हलकी लाली येते, बघितलंय ना? म्हणजे प्रकाश एकदा आदळून थांबत नाही. तो पडद्यावरून भिंतीवर, भिंतीवरून छतावर, छतावरून तुमच्या चेहऱ्यावर असा उड्या मारत फिरतो आणि प्रत्येक उडीत थोडा रंग सोबत घेतो. १९८६ मध्ये जेम्स काजिया या संशोधकाने हे सगळं एका समीकरणात बसवलं आणि ते सोडवायची एक पद्धतही सांगितली, तिला पाथ ट्रेसिंग म्हणतात. त्यात कॉम्प्युटर उलटा प्रवास करतो. कॅमेऱ्यातून एक किरण सोडतो, तो कशावर आदळला, तिथून कुठे गेला, शेवटी एखाद्या दिव्यापर्यंत पोचला का, हे बघतो.

एका पिक्सेलसाठी एक किरण पुरत नाही. समजा १९२० बाय १०८० चं चित्र आहे आणि प्रत्येक पिक्सेलला ५०० किरण सोडले, तर ते झाले १०३ कोटींहून जास्त. आणि यातला प्रत्येक किरण पुढे उड्या मारणार. किरण कमी सोडले तर चित्रावर रव्यासारखे दाणे दिसतात. साध्या लॅपटॉपवर रेंडर लावून माणूस जेवायला का जातो, ते यावरून कळेल.

व्हर्मीरची खोली या पद्धतीला फार छान मानवते. डाव्या खिडक्यांबाहेर एक मोठा मऊ लाइट ठेवला की अर्धं काम होतं. मागच्या भिंतीवर डावीकडून उजवीकडे उजेड हळूहळू मावळत जातो, अगदी चित्रातल्यासारखा. ते बघून तुम्ही खूश होता आणि मग तुमची नजर आरशाकडे जाते.

वाद्याच्या वर भिंतीला एक आरसा टांगलाय. त्यात त्या तरुणीचा चेहरा दिसतो, वरच्या बाजूला चित्रकाराच्या ईझलचा पायही दिसतो. आता नीट बघा. पाठमोरी उभी असलेली तरुणी समोर बघतीये. आरशातल्या तरुणीचं डोकं मात्र त्या माणसाकडे वळलेलं आहे!

थ्रीडी सॉफ्टवेअर हे करणार नाही. तिथला आरसा खरा आरसा आहे, समोर जे आहे तेच दाखवणार. मग लोक काय करतात? दोन बायका बनवतात. एक कॅमेऱ्याला दिसते पण आरशाला दिसत नाही, दुसरी फक्त आरशाला दिसते. ब्लेंडरमध्ये प्रत्येक वस्तूला अशी सोय असते की ती कुठल्या किरणांना दिसावी आणि कुठल्या नाही. म्हणजे प्रामाणिक यंत्राला खोटं बोलायला लावायचं. आणि ते करताना आपोआप प्रश्न पडतो की व्हर्मीरने हे का केलं असेल? समोरून ती फक्त वादन करतीये. आरशात ती त्या माणसाकडे बघतीये. पूर्ण चित्राची गोष्ट त्या हातभर आरशात आहे, आणि नुसतं चित्र बघत असताना ती सहज निसटते.

कॅराव्हॅज्जिओच्या बाबतीत तर हा खेळ अजून उघड आहे. रोममधल्या एका चर्चमध्ये त्याचं 'द कॉलिंग ऑफ सेंट मॅथ्यू' आहे, १५९९-१६०० च्या सुमारास रंगवलेलं. अंधारी खोली, टेबलाभोवती बसलेली माणसं आणि उजवीकडून तिरका येणारा उजेड. चित्रात एक खिडकीही आहे, बरं का. पण उजेड तिच्यातून येतच नाही, तो चौकटीच्या बाहेरून कुठून तरी येतो.

हे थ्रीडीत करायला जा. उजवीकडे वर एक अरुंद लाइट ठेवला की पहिल्या झटक्यात चित्र फसतं. कारण तोच उजेड टेबलावर, भिंतीवर, कपड्यांवर आदळून खोलीभर पसरतो आणि कॅराव्हॅज्जिओचा तो गडद काळोख राखाडी होऊन जातो. खऱ्या खोलीत असंच होईल. म्हणून मग प्रकाशाच्या उड्या कमी करायच्या, भिंती खऱ्यापेक्षा काळ्या करायच्या. तरी एखादा चेहरा अंधारात जातोच. त्यासाठी त्या चेहऱ्यापुरता वेगळा दिवा लावायचा, जो शेजाऱ्यावर पडतच नाही. असा दिवा जगात कुठेही मिळत नाही, पण ब्लेंडरमध्ये २०२३ च्या ४.० आवृत्तीपासून ही सोय आहे, तिला लाइट लिंकिंग म्हणतात. कुंचल्याने काम करणाऱ्याकडे ती चारशे वर्षांपूर्वीच होती. त्याला हवं ते नाक तो उजळवू शकत होता.

आता आपल्याकडच्या चित्राकडे येऊ, कारण एका दिव्याच्या उजेडाचं इतकं नाजूक उदाहरण दुसरं सापडणं अवघड आहे.

एक बाई उभी आहे. एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीच्या आड धरलेला. उजेड चेहऱ्यावर आणि साडीवर पसरलाय आणि ज्योतीसमोरची बोटं लालसर पेटल्यासारखी दिसतायत. हे चित्र तुम्ही नक्की बघितलंय, बहुधा व्हॉट्सॲपवर, आणि बहुधा राजा रविवर्मांच्या नावाने. ते रविवर्मांचं नाही. रविवर्मा १९०६ मध्ये गेले. 'ग्लो ऑफ होप' हे १९४० च्या दशकातलं चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. सावंतवाडीत जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. चित्रासाठी उभी राहिली होती ती त्यांची मुलगी. चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. आणि ज्यावर विश्वास बसत नाही ती गोष्ट म्हणजे ते तैलरंगात नाही, जलरंगात केलेलं आहे.

त्या बोटांचं काय? खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च बोटांच्या मागे धरा. बोटं लाल दिसतील. त्वचा भिंतीसारखी नसते, उजेड तिच्यावर आदळून लगेच परत येत नाही. थोडा आत शिरतो, इकडेतिकडे भटकतो आणि दुसरीकडून बाहेर पडतो. आत निळा आणि हिरवा रंग लवकर विरतो, लाल सगळ्यात लांब जातो. मेण, दूध, संगमरवर यांच्यातही उजेड असाच आत शिरतो. थ्रीडीत याला सबसरफेस स्कॅटरिंग म्हणतात.

हे गणित नव्हतं तेव्हा थ्रीडी माणसं प्लास्टिकच्या बाहुल्यांसारखी दिसायची. २००१ मध्ये हेन्रिक वान येन्सेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते कमी वेळात करायची पद्धत मांडली आणि पुढच्याच वर्षी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' च्या दुसऱ्या भागातला गोलम पडद्यावर जिवंत वाटायला लागला, त्यात या तंत्राचा मोठा वाटा होता. आज ब्लेंडरच्या नेहमीच्या मटेरियलमध्ये हे तयारच मिळतं. त्यात लाल, हिरवा, निळा रंग आत किती लांब जाणार याचे आकडे सुरुवातीपासून भरलेले असतात, १, ०.२ आणि ०.१. लाल सगळ्यात पुढे, टॉर्चवाल्या बोटांसारखाच.

म्हणजे हात बनवला, मध्ये ज्योत ठेवली, हा पर्याय चालू केला की हळदणकर झाले? नाही ना. थ्रीडीचं दृश्य मुळात काळं असतं. दिवा लावेपर्यंत काहीच दिसत नाही आणि मग तुम्ही उजेड वाढवत जाता. जलरंगात बरोब्बर उलटं असतं. कागद पांढरा असतो, तोच सगळ्यात जास्त उजेड. ज्योतीच्या जागी पांढरा रंग लावायचा नसतो, तिथे कागद राखून ठेवायचा असतो आणि बाकी सगळीकडे पातळ थरांवर थर देत अंधार वाढवायचा असतो. आणि राखलेल्या जागेवर एकदा रंग गेला की तो उजेड परत आणणं फार कठीण. थ्रीडीत कंट्रोल झेड आहे, तिथे नाही. म्हणून रेंडरमध्ये बोटं कितीही बरोबर लाल झाली तरी तो अंधार तसा येत नाही. रेंडरमधला अंधार ही रिकामी राहिलेली जागा असते. हळदणकरांनी तो थर देऊन देऊन बनवलाय.

इथपर्यंत आपण अशा चित्रांबद्दल बोललो जी निदान खरी दिसायचा प्रयत्न करतात. पहाडी किंवा मुघल लघुचित्रं घेतली की थ्रीडीची सगळी गृहीतकंच कोलमडतात.

त्या चित्रांत लांबची माणसं लहान होत नाहीत. महालाची भिंत समोरून दिसते आणि अंगणातली बैठक मात्र वरून, तीही एकाच वेळी. सावल्या जवळजवळ नसतातच. रात्र असेल तर आभाळात चांदणं आणि हातात मशाल दिसेल, पण माणसं भर दुपारसारखी स्वच्छ. मग करायचं काय? कॅमेरा असा निवडायचा ज्यात लांबचं-जवळचं सारखंच दिसतं, त्याला ऑर्थोग्राफिक म्हणतात. सावल्या बंद. प्रकाशाचं ते १०३ कोटी किरणांचं गणितही बंद, रंग सपाट. आणि बैठक वरून दिसायला हवी म्हणून ती खरंच उचलून तिरकी उभी करायची. कॅमेऱ्यातून चित्र सुंदर दिसतं. कॅमेरा जरा फिरवला की गालिचा भिंतीसारखा उभा, त्यावर माणसं चिकटवलेली. रीलसाठी हे भारी असतं, हे सांगायला नकोच.

याचं एक मोठं काम पुण्यात झालंय. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या स्टुडिओने २०२० मध्ये 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम आणला. भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट. त्यातला कॅमेरा फिरतो, त्यामुळे लघुचित्राचे सगळे नियम पाळणं शक्यच नव्हतं. पण मॉडेलवर चढवायचे पोत त्यांनी हाताने रंगवले, पहाडी शैलीवरून प्रेरणा घेऊन, आणि वास्तू राजस्थानच्या वळणाच्या. त्यामुळे गेम खेळताना दगडी भिंतही रंगवलेली वाटते. त्यांनी एक गोष्ट चित्रातून उचलली आणि बाकीच्या सोडल्या, मला तरी हे शहाणपणाचं वाटतं.

आणि मग फिल्टर. अनेकांना वाटतं, साधं रेंडर करायचं आणि वरून 'ऑइल पेंटिंग' फिल्टर मारायचा, झालं चित्र. असा एक प्रसिद्ध फिल्टर आहे, कुवाहारा. तो रंगाचे बारीक फरक पुसून टाकतो पण कडा शाबूत ठेवतो, त्यामुळे कुंचल्याचे ठिपके मारल्यासारखा भास होतो. ब्लेंडरमध्येही तो आहे. गंमत म्हणजे १९७० च्या दशकात हा फिल्टर जपानमध्ये हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमा स्वच्छ करायला बनवला गेला होता, चित्रकलेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. म्हणूनच तो डोळा आणि मागची भिंत सारख्याच ठिपक्यांनी रंगवतो. खरा चित्रकार डोळ्याजवळ बारीक होतो आणि भिंतीवर मोठे फटकारे मारतो. कुठे बारीक आणि कुठे ढोबळ, हे ठरवणं फिल्टरला कळत नाही. चांगलं काम करणारे लोक म्हणून फटकारे मॉडेलवर स्वतः ओढतात किंवा निदान जागोजागी फिल्टर कमी-जास्त करतात.

आता थोडं कायद्याचं, कारण इथे बरेच जण नकळत अडकू शकतात.

व्हर्मीर, कॅराव्हॅज्जिओ यांची काळजी नाही, ती चित्रं कधीच सगळ्यांची झाली. पण भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १४ बघितलं तर कलाकृतीच्या हक्कांमध्ये एक गोष्ट थेट लिहिलीये: द्विमितीय कलाकृती त्रिमितीत दाखवणं. म्हणजे आपण ज्याबद्दल बोलतोय नेमकं तेच. "मी कॉपी कुठे केली, मी तर थ्रीडी बनवलं" हा बचाव या कलमापुढे टिकणं अवघड आहे. हा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं चालतो.

हळदणकर १९६८ मध्ये गेले. त्यामुळे 'ग्लो ऑफ होप' २०२८ संपेपर्यंत कॉपीराइटमध्ये आहे. घरी सराव म्हणून, शिकण्यासाठी थ्रीडीत बनवून बघायला हरकत नाही, खासगी वापर आणि अभ्यासासाठी कायद्यात मोकळीक आहे. पण त्याची प्रिंट काढून विकणं, किंवा ब्रँडच्या दिवाळी पोस्टसाठी ते मॉडेल देणं हा वेगळा मामला आहे, तिथे परवानगी लागते. रविवर्मांची आणि १९४४ मध्ये गेलेल्या एम. व्ही. धुरंधरांची चित्रं मात्र मोकळी झालेली आहेत, त्यांच्यावर हवे तेवढे प्रयोग करा.

हळदणकरांचाच उजेड शिकायचा असेल तर त्यांचं चित्र लागतही नाही. ब्लेंडर उघडा, स्वतःच्या हाताचा फोटो समोर ठेवून हात बनवा, मध्ये एकच पिवळसर लाइट ठेवा, बाकी सगळे बंद. आधी टॉर्चने बोटं बघून घ्या, म्हणजे लाल किती हवा त्याचा अंदाज येईल. आणि जेव्हा कधी हे चित्र पुढे पाठवाल, तेव्हा खाली नाव लिहा: सा. ल. हळदणकर.